शेतकऱ्यांची कंपनी काढायलेत? आधी हे वाचा

पॅन, आधार, फोटो लागतेत हे सांगायची गरज नाही, फक्त दोन्हीवरचं नाव एकच हाय का बघा, आमच्यातल्या एकाचं पॅनवर दत्ता अन् आधारवर दत्तात्रय, तिथंच पंधरा दिवस गेले. प्रोड्युसर कंपनीला, म्हणजे शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीला, कमीत कमी १० शेतकरी लागतेत, त्यातले ५ तरी डायरेक्टर, पण तुम्ही बारा-तेरा धरा, एक-दोघं ऐनवेळी पळतेतच. सातबारा ज्याच्या त्याच्या नावावर असला तर बरं, रान अजून बापाच्या नावावर असंल तर तलाठ्याकडं आजच जा. कंपनीचं नाव गावच्या देवावरून ठेवायचं सगळ्यांनाच सुचतं, म्हणून दुसरं एक तयार ठेवा. ऑफिसच्या पत्त्याला दोन महिन्यांच्या आतलं लाईट बिल अन् मालकाचं संमतीपत्र लागतं, आमच्या शेतातल्या आखाड्यावरचं मीटर आज्याच्या नावावर, आज्या जाऊन अकरा वर्षं झाली, आता संमती कोणाची घ्यायची?

आता मेन गोष्ट. शेअरचे पैसे बँकेतून घ्या. रोख नको. आम्ही काय केलं, प्रत्येकी दहा हजार रोख गोळा केले, वहीत नावं लिहिली, नोंदणीचं सर्टिफिकेट आलं त्याच आठवड्यात बारदाना अन् काटा घेतला अन् मोंढ्यात माल पाठवायला सुरू. आठव्या महिन्यात सीएनं विचारलं, शेअरचे पैसे खात्यात कुठं दिसतेत? मी वही पुढं केली. माणूस वहीकडं बघतच राहिला.

तर नोंदणी झाल्यापासून १८० दिवसांत आयएनसी-२०ए नावाचा फॉर्म भरायचा असतो, सगळ्यांचे शेअरचे पैसे आले असं त्यात लिहून द्यायचं, अन् तो भरल्याबिगर धंदा सुरू करता येत नाही, कर्जबी काढता येत नाही. सर्टिफिकेट आलं म्हणजे झालं असं नसतंय. कायद्यात कंपनीला ५० हजार अन् जबाबदार डायरेक्टरला रोजचे हजार, एक लाखापर्यंत, असा दंड लिहिलेलाय. उत्पादक कंपनीला निम्म्यावर येतो म्हणून खुश होऊ नका, निम्मेबी खिशातूनच जातेत, वर रजिस्ट्रार कंपनीचं नाव काढून टाकू शकतो. १८० दिवस. मोबाईलात टाका, सीएला वाटंल तेवढ्या वेळा फोन करा, त्याला राग आला तरी चालंल.

नियमावली सही करायच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवा, शेअर कितीबी असोत मत एकालाच एक, हे ज्यानं जास्त पैसे घातले त्याला नंतर कळलं की भांडण लागतं.

बाकी पटापट सांगतो. नोंदणीपासून ३० दिवसांत पहिला ऑडिटर, दोन महिन्यांत शेअर सर्टिफिकेट, ९० दिवसांत पहिली वार्षिक सभा, एक पूर्णवेळ सीईओ, जीएसटीचं सीए बघंल. बारदाना मात्र २०ए ची पावती हातात आल्यावरच घ्यायचा.