खलनायकाचा नियम आधी नायकाला शिकवा

आरपीजीची (खेळणारा एक पात्र होऊन गोष्ट जगतो त्या व्हिडिओ गेमची) गोष्ट लिहायला बसलात की खलनायकाचं नाव, त्याचा झगा, त्याचा किल्ला यातलं काहीच आधी ठरवू नका. आधी एक नियम शोधा. एका जागी अगदी खरा असलेला, पण तिथून उचलून दुसरीकडे नेला की माणसांच्या जिवावर उठणारा. तो पहिल्या तासातच नायकाला शिकवा, त्याच्या हातून वापरून घ्या, त्याचा फायदा त्याला दिसू द्या. एवढं झालं की खलनायक उभा करायला फार मेहनत लागत नाही, कारण तो बोलतो ते खेळणाऱ्याने आधीच करून पाहिलेलं असतं.

नागपूरच्या महाल भागात आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही तिघं मित्र रात्री गेम बनवतो. एक चित्रं काढतो, एक संगीत करतो, गोष्ट आणि इव्हेंट (गेममध्ये कधी काय घडतं ते) माझ्याकडे. पहिल्या गेममध्ये आमचा एक मांत्रिक होता. काळा झगा, लाल डोळे, जगभर अंधार पसरवायचा ध्यास. दिवाळीत आठवीतली भाची आली, तिने गेम खेळला, शेवटच्या लढाईत मांत्रिकाला हरवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मामा, याले अंधार काऊन पाहिजे होता?" मला उत्तर देता आलं नाही. आठ महिने ज्या माणसाभोवती गोष्ट रचली, त्याला काय हवं होतं हे मीच कधी विचारलं नव्हतं.

नियम शोधायचा तो स्वतःचे हात मळलेत तिथे. मला तो काटोलकडे, मामाच्या संत्र्याच्या बागेत सापडला. आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं) धरायचा असेल तर पावसाळा सरल्यावर झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात. नवख्या माणसाला ते बघवत नाही, त्याचा हात सारखा पाण्याकडे जातो. पण हात आवरावा लागतो. भारी जमिनीत ताण जास्त दिवस लागतो, हलकीत कमी. मग साधारण जानेवारीत पाणी सोडून ताण तोडला की झाड फुलांनी भरतं. मधेच दया येऊन पाणी दिलं तर नुसती पालवी फुटते, बहार हातचा जातो. आणि ताण फार झाला तर फांद्या वाळतात.

ताण दिल्याशिवाय बहार नाही. झाडाच्या बाबतीत हे खरं आहे, विदर्भातला कुठलाही संत्रावाला सांगेल. आता हेच वाक्य एखाद्या गावाबद्दल म्हणून बघा. मला माझा खलनायक तिथेच दिसला.

आमच्या दुसऱ्या गेमची नायिका चौदा वर्षांची सुमी. पहिल्या अध्यायात लढाई नाही, राक्षस नाही. आजोबा तिला बाग सांभाळायला शिकवतात. खेळणाऱ्याने रोज सकाळी पाण्याची मोट बघायची, पानं बघायची आणि पाणी सोडायचं नाही. किती दिवस धरलं त्याची मोजणी एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे गेमच्या आतल्या आकड्याच्या खणात, होत राहते, खेळणाऱ्याला ती दिसत नाही. बरोबर वेळी ताण तोडला की बहार येतो, पैसे येतात, आजोबांच्या औषधाची सोय होते. म्हणजे कडक राहिल्याचं बक्षीस खेळणाऱ्याच्या पदरात पडलेलं असतं.

मग तिसऱ्या अध्यायात काशीनाथ पाटकरी, म्हणजे नहराचं (कालव्याचं) पाणी सोडणारा माणूस, समोर उभा ठाकतो. नहराच्या गेटची किल्ली त्याच्याकडे. टेलच्या, म्हणजे नहराच्या शेवटच्या टोकाच्या गावाला तो दोन वर्षांपासून पाणी जाऊ देत नाही. त्याचं पहिलं भाषण मी असं लिहिलं होतं: "या पाण्याचा मालक मी आहे! तुम्ही सगळे तडफडून मराल!" पहाटे वाचलं तेव्हा तो जुना मांत्रिकच धोतर नेसून आल्यासारखा वाटला. सगळं खोडलं आणि त्याला त्याच्याच गरजेतून बोलू दिलं:

"तू झाडाले ताण देते ना? पान कोमेजते तरी पाणी सोडत नाही. काऊन? बहार यावा म्हून. मी माणसाले देऊन राहिलो. पोटभर पाणी होतं तवा त्या गावातून एक पोरगं शिकाले बाहेर गेलं नाही. या दोन सालात चार गेले. मोजले मी. तू सतरा दिवस धरलं पाणी. मी दोन साल धरलं. फरक सांग मले."

त्यातलं 'सतरा' प्रत्येकासाठी वेगळं येतं. आरपीजी मेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिएबलचा आकडा डायलॉगमध्ये थेट छापता येतो, फार सोपं काम आहे ते. पण खेळणारा तिथे थबकतो. आमचा संगीतवाला मित्र हे वाचत असताना त्याने कीबोर्डवरचा हात काढला आणि मागे टेकला. मी शेजारी बसलो होतो. तो पाच-सहा सेकंद काही बोलला नाही, मग म्हणाला, "याले उत्तर काय देऊ बे?" खलनायक जमला की नाही हे मी आता त्यावरूनच ओळखतो. शिवी येते तेव्हा नुसता राग आलेला असतो. उत्तर शोधावं लागलं की समजा काहीतरी आत पोचलं.

एक चूक इथे हमखास होते. खलनायकाला कारण द्यायचं म्हणून त्याचं बालपण दुःखी करतात: आई गेली, गावाने हाकललं, म्हणून तो असा झाला. त्याने कीव येते, पण खेळणाऱ्याला स्वतःबद्दल काही प्रश्न पडत नाही. काशीनाथचं बालपण मी लिहिलेलंच नाही.

चांगलं-वाईट असं द्वैत म्हटलं की पांढरा विरुद्ध काळा अशी जोडी करायचा मोह होतो. मला तो मोह सोडायला आमच्या गावच्या मारबतीने शिकवलं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात दोन मारबती (वाईट शक्तींचे मोठे पुतळे) निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काळीला लोक भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात, इंग्रजांना जाऊन मिळाली म्हणून. लहानपणी मला वाटायचं, काळी वाईट तर पिवळी चांगली असणार. मग एका वर्षी वडिलांच्या खांद्यावरून मिरवणूक बघताना विचारलं, तर कळलं की दोघीही जाळायच्याच असतात. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी दोघींसाठी. आणि जाळायच्या आधी लोक त्यांना हात जोडतात, कडेवरच्या लेकरालाही दर्शन घडवतात. ज्याला घालवायचं आहे त्याच्यापुढे आधी वाकायचं. हे इतकं आपल्या घरचं आहे की गोष्ट लिहिताना आपण ते विसरतो आणि परदेशी गेममधला शिंगवाला राजा उचलून आणतो.

मिरवणुकीत बडगे नावाचे पुतळेही असतात. ते दरवर्षी नवे. त्या वर्षी लोक ज्याला त्रासले असतील त्याचा बडग्या: महागाईचा, भ्रष्टाचाराचा. मारबत मात्र तीच. मी गोष्टीतले वाईट लोक याच दोन खणांत टाकतो. लाच खाणारा कारकून, वाटेवरचा गुंड, खोटं माप करणारा व्यापारी हे बडगे. त्यांना मोठी कहाणी देऊ नका. आले, त्रास दिला, जळाले. मुख्य खलनायक मारबतीसारखा हवा, ज्याला खेळणाऱ्याने कधीतरी मनापासून नमस्कार केलाय. म्हणून दुसऱ्या अध्यायात सुमी नहरात पडते तेव्हा तिला बाहेर काढतो तो काशीनाथच. स्वतःचं घोंगडं देतो, चहा पाजतो. तिथेच आमचा सेव्ह पॉइंटही (खेळ जतन करायची जागा) ठेवला आहे. खेळणारा चार-पाचदा त्याच्या झोपडीत येऊन निर्धास्त होतो. नंतर जे होतं ते त्यामुळे टोचतं.

पुण्य-पापाची पट्टी स्क्रीनवर ठेवू नका. पट्टी दिसली की खेळणारा पट्टी भरायला लागतो, माणसं बघेनासा होतो. १९८५च्या 'अल्टिमा फोर'मध्ये मारायला कुणी महाखलनायकच नव्हता, आठ सद्गुण अंगी बाणवायचे होते. त्यात जादूचं सामान विकणाऱ्या आंधळ्या बाया आहेत. किंमत सांगतात, आणि किती नाणी द्यायची ते तुम्ही टाइप करता. कमी दिलीत तरी माल मिळतो, तिला दिसत नाही. फक्त तुमचा प्रामाणिकपणा आतल्या आत घटतो. दुकानात एकटं असताना हात काय करतो, एवढंच बघणारा हा प्रसंग मला कित्येक बॉस फाइटपेक्षा (मोठ्या शत्रूशी होणाऱ्या लढाईपेक्षा) मोठा वाटतो. आमचं ताणाचं व्हेरिएबल लपवलेलं आहे ते यावरूनच.

आकड्यांची नावंसुद्धा गोष्ट सांगू शकतात. 'अंडरटेल'मध्ये (२०१५) आपण सवयीने ईएक्सपी हा अनुभवाचा आकडा समजतो. शेवटाकडे कळतं की तो तुम्ही केलेल्या हत्यांचा हिशोब होता. 'निअर'मध्ये (२०१०) दुसऱ्यांदा खेळताना ज्यांना आपण कापत होतो त्यांचं बोलणं समजू लागतं. दोन्हीकडे खेळणाऱ्याच्या सवयीलाच पुरावा केलंय. हे एकदाच करता येतं, जपून वापरा.

आता नायकाचं स्वतःशी भांडण. 'फायनल फँटसी फोर'चा (१९९१) सेसिल सुरुवातीला राजाच्या हुकमाने एका गावचा स्फटिक हिसकावून आणतो, मग नकळत दुसरं गाव जाळायला कारण होतो. पुढे तो डोंगरावर जाऊन तेजस्वी योद्धा होतो, आणि समोर त्याचंच काळं रूप उभं राहतं. तिथे वार करून भागत नाही. वार सोसायचे, तलवार आवरायची. तासन् तास जे बटण दाबून जिंकलो तेच बटण कामाचं राहत नाही. पण मला याहून मोलाची वाटते ती आधीची गोष्ट: स्फटिक गेलेल्या त्या गावात तो परत येतो तेव्हा लोक त्याला ओळखतात, काहीजण त्याच्यावर मंतर टाकतात. नायकाचं मन पालटलं म्हणून गावाने विसरायचं नसतं. तुमच्या गेममध्ये प्रत्येक मोठ्या कृत्यासाठी एक स्विच (घडलं की नाही याची खूण) ठेवा आणि निदान तीन साध्या एनपीसींना (गेमच चालवतो त्या पात्रांना) ते आठवू द्या. माफी मागितल्यावर सगळे हसून बोलायला लागले की वाईटपणा हलका होतो. आमच्याकडे टेलच्या गावातली एक म्हातारी शेवटपर्यंत सुमीशी बोलत नाही. तीन जणांनी मला विचारलं की तिला मनवायचा काही उपाय आहे का. नाही, आणि मी घालणारही नाही.

शेवटासाठी मी बराच झगडलो. काशीनाथशी लढाई ठेवली होती, ती काढून टाकली. तो गेटची किल्ली स्वतः सुमीच्या हातात देतो आणि बाजूला दगडावर बसतो. हिवाळा आहे, सुमीच्या बागेचा ताण चालू आहे, बहाराला अजून बारा दिवस हवेत. टेलच्या गावाला जाणारा पाट तिच्याच बागेतून जातो. आता गेट उघडलं तर बाग भिजेल, यंदाचा बहार जाईल, आजोबांची औषधं अडतील. बारा दिवस थांबलं तर बहार येईल, पण गावात दोन लेकरं आजारी आहेत. इथे डायलॉग बॉक्समध्ये पर्याय लिहू नका. मी फक्त गेटचं चाक ठेवलं. फिरवायला बटण धरून ठेवावं लागतं, सोडलं की चाक मागे जातं. बाकी दिवस उजाडतात, मावळतात. किती दिवसांनी चाक फिरलं त्यावर गाव बदलतं. काशीनाथ काही बोलत नाही. त्याला बोलवलं तर खेळणारा त्याच्याशी वाद घालून मोकळा होईल, म्हणून संगीतही बंद केलं आणि चाकाचा लोखंडी आवाज तेवढा ठेवला.

हे लिहून झालं की पहिल्या अध्यायाकडे परत जा. शेवटचा सीन लंगडा पडत असेल तर दोष बहुतेक तिकडे असतो. नियम शिकताना खेळणाऱ्याला खरा आनंद झाला नसेल, तर तो गमावताना काही तुटणार नाही. आमच्या पहिल्या प्रतीत बहार येतो तेव्हा नुसता मजकूर यायचा, 'बाग फुलली'. चित्रवाल्या मित्राला घेऊन मी फेब्रुवारीत काटोलला गेलो, दोन दिवस बागेत बसलो. त्याने पांढरी फुलं काढली, खाली गळालेल्या पाकळ्या काढल्या, मधमाश्या काढल्या. मी आजोबांचं एकच वाक्य बदललं. आधी ते म्हणत, "शाब्बास पोरी." आता ते काही म्हणत नाहीत, फांदी खाली ओढून सुमीच्या नाकाशी धरतात.