पक्ष्यांचे फोटो काढायचेत? आधी वेड्या राघूसमोर बसा

बरेच जण विचारतात की पक्ष्यांची फोटोग्राफी सुरू करायचीये, कुठली लेन्स घेऊ, किती एमएमची घेऊ. माझं सरळ म्हणणं असतं की लेन्सचं नंतर बघू, आधी घराजवळचा एक पक्षी ठरवा आणि आठ दिवस रोज सकाळी अर्धा तास त्याच्याकडे नुसतं बघत बसा. कारण या छंदाची खरी मजा फोटोत नंतर येते, आधी येते ती पक्षी आता काय करणार हे आपल्याला कळायला लागतं तेव्हा, आणि ते एकदा कळलं की फोटो आपोआप मिळायला लागतात.

सुरुवातीला वेडा राघू घ्या. चिमणीएवढा हिरवागार पक्षी, शेपटीच्या मधून काडीसारखं बारीक लांब पीस निघालेलं, गावाबाहेर कुठल्याही माळावर विजेच्या तारेवर नाहीतर कुंपणावर दिसतो. तारेवरून सुटतो, हवेत गिरकी मारतो, चतुर किंवा माशी चोचीत धरतो आणि बहुतेक वेळा परत त्याच जागेवर येऊन बसतो. हेच तुमच्या कामाचं आहे! त्याच्या मागे धावायचं नाही, तो उडाला की कॅमेरा त्या रिकाम्या जागेवर रोखून थांबायचं, तो येतोच. मधमाशी पकडली असेल तर गिळायच्या आधी ती तारेवर आपटतो, घासतो, नांगीचा त्रास जाईपर्यंत सोडत नाही. हे मी पहिल्यांदा व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं तेव्हा बटण दाबायचंच विसरलो होतो, आणि त्या सकाळपासून हा नाद लागला तो लागलाच.

आता कॅमेरा. घरात ७०-३०० एमएमची लेन्स पडली असेल तर तीच वापरा, क्रॉप सेन्सर म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती साधारण ४५० एमएमसारखी चालते, शिकायला भरपूर झालं. पुढे वाटलं तर १५०-६०० घ्या, पण आधी कुणाची तरी वापरून बघा, कारण दोन किलोच्या आसपास वजन हातात धरून तासभर बसायचं असतं. बसलेल्या पक्ष्याला शटर स्पीड १/५०० सेकंद ठीक आहे, उडणाऱ्याला १/२००० किंवा वर. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवा आणि थोडा ग्रेन (दाणेदारपणा) आला म्हणून घाबरू नका, ग्रेन कमी करता येतो, हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे पक्षी हलला तरी कॅमेरा फोकस धरत राहतो, आणि पॉइंट डोळ्यावर, डोळा शार्प नसेल तर बाकी कितीही छान असलं तरी फोटो मेला. गडद झाडीपुढे पांढरा बगळा असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं मायनस करा नाहीतर पिसं नुसती पांढरी फटक होतात, उजळ आकाशापुढे काळा कोतवाल असेल तर प्लस. आणि खाली बसा, जमल्यास झोपा, पक्ष्याच्या नजरेच्या उंचीवरून काढलेला आणि उभं राहून वरून काढलेला फोटो यात जमीन अस्मानाचा फरक असतो.

हे एवढं हातात बसलं की मग भिगवणला जा. पुण्याहून सोलापूर हायवेने साधारण १०० किलोमीटर, भीमेवरच्या उजनी धरणाचं बॅकवॉटर. कुंभारगाव आणि डिकसळ या दोन गावांतून होड्या मिळतात, चालवणारे बहुतेक तिथलेच मच्छीमार. तिथे रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायचे, म्हणून हिवाळ्यात जा, आणि जमलं तर आडवारी, शनिवार रविवारी फार गर्दी. सूर्य उगवायच्या आधी पाण्यात असायला हवं, कारण पहिला दीड तास उजेड मऊ असतो, दहानंतर पाण्यावरून ताव येतो आणि लांबचं सगळं थरथरतं.

होडीत बसतानाच नावाडी दादांना सांगा की ‘दादा, थवा उडवायचा नाही, आपण लांबूनच बघू.’ हे बोलून ठेवणं फार गरजेचं आहे, कारण उडतानाचा फोटो हवा म्हणून पाहुणेच त्यांना होडी थव्यात घालायला लावतात आणि हे बघून मला खरंच वाईट वाटतं. रोहित चरत असतो तेव्हा मान खाली, चोच पाण्यात उलटी, चिखल गाळत निवांत चाललेला असतो. एकेकाची मान सरळ वर व्हायला लागली आणि सगळे एका दिशेने चालू लागले की समजायचं आपण जास्त जवळ आलोय, तिथेच थांबायचं, जमलं तर थोडं मागे घ्यायचं. थांबलात की पाच दहा मिनिटांत माना परत खाली जातात. आणि ते त्यांच्या मर्जीने उडतात तेव्हा पाण्यावर धावत, वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उठतात, म्हणून वारा कुठून येतोय ते आधीच बघून ठेवा, म्हणजे ते समोरून येतील की पाठ दाखवतील याचा अंदाज येतो. पंख उघडले की आतला लाल काळा रंग दिसतो, अग्निपंख हे नाव का पडलं ते तिथे कळतं.

परत येताना काठाला कवड्या खंड्या शोधा. काळापांढरा, पाण्यावर एका जागी हवेत फडफडत थांबतो, मग सूर मारतो. तो थांबलेला असतानाच फोकस लॉक करा, सूर मारल्यावर शोधायला गेलात तर गेला.

घरट्याचे फोटो काढू नका, मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलवू नका, दोन्हीने त्यांची पिल्लं धोक्यात येतात आणि वेळ वाया जातो. घरी आल्यावर कुठे, कधी, काय दिसलं ते वहीत किंवा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका. आणि दादांचा वल्हं मारतानाचा एखादा चांगला फोटो आला असेल तर तो त्यांना व्हॉट्सॲपवर नक्की पाठवा.