अर्धा चेहरा उडतोय? दुर्बिणीच्या ऑपरेशनला जायच्या आधी आणि नंतर

डोळा लवला की आपल्याकडे शुभ-अशुभ बघतात, आणि बहुतेकदा ते जागरणाचं नाहीतर चहा-कॉफीचं असतं, थोड्या दिवसांत थांबतं. पण एकाच बाजूच्या डोळ्यापासून सुरू होऊन हळूहळू गाल, ओठाचा कोपरा पण खेचला जायला लागला, झोपेतसुद्धा थांबेना, तर हेमिफेशियल स्पाझम असू शकतो, म्हणजे बहुतेकदा रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला टेकल्यामुळे अर्धा चेहरा उडणं. माझ्या आईची २ वर्षं नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांत गेली हो, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

पहिलं काम, मोबाईलवर जवळून व्हिडिओ काढा, कारण डॉक्टरांसमोर बसलं की नेमकं उडायचं थांबतं. डोळा मिटताना त्याच बाजूची भुवई वर जाते का बघा, आईची जायची, ही मोठी खूण आहे. व्हिडिओ घेऊन थेट न्यूरोलॉजिस्टकडे.

एमआरआय करताना चेहऱ्याच्या नसेसाठीचे बारीक कापांचे सिक्वेन्स (सिस किंवा फिएस्टा) लिहून घ्या, रक्तवाहिनी नसेला कुठे टेकलीय ते त्यात दिसतं, गाठबीठ असेल तर तीही कळते.

जिवाला धोका नसतो त्यामुळे घाई नाही, बोटॉक्सच्या इंजेक्शननेही आराम पडतो, फक्त दर ३-४ महिन्यांनी परत घ्यावं लागतं. कायमचं हवं असेल तर ऑपरेशन. पूर्ण भूल देतात, कानामागे छोटी चीर, हाडाला साधारण रुपयाच्या नाण्याएवढं भोक, त्यातून एंडोस्कोप, म्हणजे दुर्बीण, आत. नस मेंदूच्या खोडातून निघते तिथेच रक्तवाहिनी तिच्यावर ठोके देत असते, ती कापत नाहीत, अलगद बाजूला करून मधे टेफ्लॉनचा कापसासारखा तुकडा ठेवतात. दुर्बिणीने आडोशामागचं दिसतं, लहान मेंदू कमी ओढावा लागतो. मायक्रोस्कोपनेही हे उत्तम होतं बरं का, माझ्या मते मशीनपेक्षा सर्जनचा हात बघावा.

म्हणून दोन प्रश्न विचाराच: अशा किती केस केल्यात, आणि ऑपरेशन चालू असताना ऐकण्याची नस मॉनिटर करणार का? ती नस चेहऱ्याच्या नसेला अगदी लागून असते आणि त्या कानाने ऐकू कमी येणं हा खरा धोका आहे. चेहऱ्याला तात्पुरता कमजोरपणाही येऊ शकतो.

घरी आल्यावर नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखं गळलं, ताप आला, मान आखडली तर लगेच हॉस्पिटलला फोन, सकाळची वाट बघू नका. आणि शुद्धीवर आल्यावर चेहरा उडताना दिसला तर खचू नका. आईचं सहाव्या आठवड्यात थांबलं, काहींना कित्येक महिने लागतात, त्यामुळे परत ऑपरेशनचा विषय वर्षभर तरी काढू नका.