मजलोमजली डीबी असलेल्या घराचं अर्थिंग

आयटीआय करून नुकतेच वायरमनच्या हाताखाली लागलेल्यांसाठी लिहितोय. दोन खोल्यांचं वायरिंग लवकर हातात बसतं. कस लागतो तो मजली बंगल्यात. खाली मीटर आणि मेन स्विच, प्रत्येक मजल्याला वेगळा डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड), शिवाय पंपाचं पॅनल आणि इन्व्हर्टर.

एक गोष्ट पक्की करा: मीटरच्या पुढे, घरात, न्यूट्रल आणि अर्थ कुठेही एकत्र करायचे नाहीत. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला असतो, तेवढं पुरे. एका तीनमजली घरात वरच्या गिझरला हात लावला की मुंग्या यायच्या. डीबी उघडला, तर न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल जोडायची पट्टी) अर्थ लिंकवर हिरव्या वायरचा बोटभर तुकडा टाकलेला. अशा जोडणीत परतीचा करंट अर्थच्या वायरमधूनही वाहतो, आणि खाली न्यूट्रल तुटला तर फ्रिजपासून गिझरपर्यंत सगळ्यांच्या बॉडीवर व्होल्टेज चढतं. खालच्या आरसीसीबीने (करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) हे लगेच पकडलं असतं. पण 'सारखा पडतो' म्हणून तो आधीच बायपास केलेला होता.

तो सारखा का पडतो, याचं उत्तर बहुतेक वेळा स्विचबोर्डात असतं. दोन आरसीसीबी असतील तर दोघांच्या न्यूट्रल लिंक वेगळ्या हव्यात. जवळ सापडला म्हणून दुसऱ्याचा न्यूट्रल उचलला, की लोड टाकताच आरसीसीबी पडणारच. दोष वायरिंगचा, शिव्या बिचाऱ्या आरसीसीबीला.

'अर्थिंगचा खड्डा चांगला आहे, आरसीसीबी कशाला?' असं घरमालक हमखास विचारतात. त्यांना हिशेब करून दाखवा. खड्ड्याचा रेझिस्टन्स 5 ओहम धरला, तर 230 व्होल्टला फार तर 46 अँपिअर वाहतील. 16 अँपिअरच्या सी टाइप एमसीबीला (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) झटक्यात पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. म्हणजे गिझरच्या बॉडीला फेज चिकटला तरी एमसीबी लगेच पडणार नाही, आणि तेवढा वेळ बॉडीवर करंट राहील. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी मात्र क्षणात तोडतो. माणूस वाचतो तो त्याच्यामुळे.

काही जण मजल्यागणिक वेगळा खड्डा घेऊन तो सुटाच ठेवतात. हे धोक्याचं आहे. एका खड्ड्यावर व्होल्टेज चढलं, की दोन मजल्यांच्या अर्थमध्ये फरक पडतो, आणि दोन्हीकडची उपकरणं एकाच वेळी हाताला लागली तर शॉक बसतो. खड्डे कितीही घ्या, सगळे मेन अर्थ बारवर एकत्र आणा आणि तिथून प्रत्येक डीबीला अर्थ न्या. फेजची वायर 16 स्क्वेअर एमएमपर्यंत असेल तर अर्थही त्याच मापाचा.

काम झाल्यावर मेन बंद करा, उपकरणांच्या पिना काढा आणि प्रत्येक डीबीत न्यूट्रल लिंक ते अर्थ लिंक 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावा. 1 मेगाओहमपेक्षा कमी दाखवलं तर कुठेतरी दोन्ही भेटलेत. सापडेपर्यंत सप्लाय द्यायचा नाही. खड्डा अर्थ टेस्टरने मोजायचा तो मे महिन्यात, मुरूम कोरडा असताना. पावसाळ्यातलं रीडिंग नेहमी चांगलंच येतं.