पिकलं म्हणून सडलं, का सडलं म्हणून पिकलं? फळांच्या संशोधनात येणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी जाताना मी साठेक टोमॅटो २० डिग्रीच्या खोलीत ट्रेमधे मांडून गेले, निम्म्यांना बोट्रायटिस बुरशीचे स्पोअर टोचलेले आणि निम्म्यांना नुसतं पाणी, आणि चार दिवसांनी येते म्हणून आठ दिवसांनी आले. दार उघडलं तर वास! पाणी टोचलेले पण गेलेले, हिरवे ठेवलेले लाल झालेले. गाईडने ओरडायच्या ऐवजी एवढंच विचारलं, हे पिकले म्हणून सडले का सडायला लागले म्हणून पिकले? मला उत्तर देता येईना. माझ्या वहीत फक्त "हिरवा" आणि "लाल" लिहिलेलं होतं.

या विषयात येणाऱ्याने हा प्रश्न पहिल्या दिवशीच डोक्यात घ्यावा असं मला वाटतं. कारण दोन्ही होतं. टोमॅटो, केळी, आंबा, चिकू ही फळं एथिलीन नावाचा गॅस सोडतात आणि एकदा पिकणं सुरू झालं की तो गॅसच आणखी गॅस बनवायला लावतो, म्हणून तर आढीत एक आंबा पिकला की बाकीचे भराभर पिकतात. द्राक्ष, डाळिंब, संत्र्याचं तसं नाही, ती झाडावरून काढली की पुढे पिकत नाहीत. पण जखम झाली, बुरशी लागली तरी फळ एथिलीन सोडतं, आणि काही बुरशा तर स्वतःच एथिलीन बनवतात. म्हणजे एक सडका टोमॅटो शेजारच्या दहांना पिकवतो आणि पिकलेले दहा बुरशीला सोपे जातात, कारण साखर वाढलेली, पेशीभिंती सैल झालेल्या. हिरवा टोमॅटो त्याच बोट्रायटिसला चांगला पुरून उरतो. आंब्यावरच्या करप्याचंही तेच, बुरशी कैरीतच शिरून गप्प बसलेली असते, काळे डाग दिसतात आंबा पिकल्यावर, आणि शिव्या खातो बिचारा पेटीवाला.

आता गंमत बघा, पुस्तकात वाचाल की झाडाचे हार्मोन कामं वाटून घेतात, जिवंत पेशींवर जगणाऱ्या रोगाशी लढायला सॅलिसिलिक ॲसिड आणि पेशी मारून खाणाऱ्या बुरशीशी लढायला जॅस्मोनिक ॲसिड व एथिलीन. पानात हे बऱ्यापैकी खरं आहे. पण फळात तेच एथिलीन पिकवून दार पण उघडून देतं, त्यामुळे पानावरचे निष्कर्ष उचलून फळाला चिकटवू नका, मी सेमिनारमधे तसं केलं आणि पहिल्याच प्रश्नाला आडवी झाले.

टोमॅटोच्या पिकण्यातल्या जीन्सची नावं सुरुवातीला तीनच नीट समजून घ्या, रिन, नॉर आणि नेव्हर-राइप. तिसरा एथिलीनचा रिसेप्टर, म्हणजे फळाचा कानच, तो बिघडला की गॅस आहे पण फळाला "ऐकूच" येत नाही. नॉर बिघडलेला टोमॅटो पिकतही नाही आणि बोट्रायटिसलाही कमी बळी पडतो, पण रिन बिघडलेला मात्र न पिकताही बळी पडतो! म्हणजे लाल होणं आणि नाजूक होणं ह्या एकच गोष्ट नाहीत, मला तर हे सगळ्यात भारी वाटतं. आणि रिनची गोष्ट तर सावध करणारी आहे. २००२ मधे जीन सापडला, पंधरा वर्षं सगळे लिहीत राहिले की रिनशिवाय पिकणं सुरूच होत नाही. २०१७ मधे जपानच्या टीमने क्रिस्परने (जीन हवा तिथे कापायचं तंत्र) तो जीनच तोडला तर टोमॅटो अर्धवट का होईना रंगले. जुन्या म्युटंटमधे, म्हणजे रिन बिघडलेल्या टोमॅटोत, रिन नुसता गायब नव्हता, शेजारच्या जीनला चिकटून तयार झालेलं प्रोटीन उलट पिकणं अडवत होतं.

कामाचं सांगते. फूल उमललं त्या दिवशी त्याला टॅग बांधा, तारीख पेन्सिलने लिहा (पेन पावसात जातं). फळाला रंगाची पहिली झाक दिसली की परत तारीख. हिरवा टोमॅटो दोन प्रकारचा असतो, एखादा कापून बघा, सुरीने बिया कापल्या गेल्या तर कच्चा, गरात सटकल्या तर तयार. कच्चा घेतला तर कितीही एथिलीन द्या, नीट पिकणार नाही आणि तुम्ही जीनला दोष देत बसाल. फळातून आरएनए (कुठला जीन किती चालू आहे ते त्यावरून कळतं) काढणं वैताग आहे, साखर आणि फिनॉल्स मधे येतात, आंब्यात तर विचारूच नका, पानावर चालणारी किट इथे रडवते, आमच्याकडे शेवटी जुनी सीटॅब (साबणासारखं एक रसायन) पद्धतच कामाला आली. क्यूपीसीआरला (त्याने जीन किती चालू ते मोजतात) तुलनेचा स्थिर जीन म्हणून ॲक्टिन डोळे झाकून घेऊ नका, पिकताना तोही हलतो, दोन-तीन जीन तपासून मग ठरवा.

फेलोशिपच्या परीक्षांचं, नेट, बीईटी वगैरे सगळीकडे मिळेल, त्यावर मी वेळ घालवत नाही. पण शेतीच्या घरातली मुलं उगाच घाबरतात, अरे तुम्हाला हार्मोन्स आधीच माहीत आहेत! द्राक्षाला जीए देता ते जिबरेलिन, हापूसला कल्टार घालता ते जिबरेलिन बनणं अडवतं, डाळिंबाची पानगळ करायला इथ्रेल मारता त्यातून एथिलीनच सुटतं. कार्बाइडमधून ॲसिटिलीन निघतो, तो एथिलीनची कच्ची नक्कल करतो, सोबत आर्सेनिकचे अंश येऊ शकतात म्हणून फळं पिकवायला त्याच्यावर बंदी आहे. रायपनिंग चेंबरमधे एथिलीन गॅस मात्र १०० पीपीएमपर्यंत चालतो.

आणि हो, सॅम्पल ठेवता त्या खोलीत डबा खाऊ नका, आणि डब्यात केळं असेल तर तिकडे फिरकूच नका.