पोरांना किल्ला करू द्या, पण नुसता शोभेचा नको

दिवाळीत हल्ली प्लास्टर ऑफ पॅरिसचा रेडिमेड किल्ला मिळतो, आणायचा, मावळे ठेवायचे, फोटो टाकायचा, झालं. तो आणूच नका असं माझं सरळ मत आहे, कारण त्यात पोरांनी डोकं चालवावं असं काही उरतच नाही. विटा, दगड, जुनं गोणपाट आणि दोन घमेली माती बास होते, फ्लॅटवाल्यांनी बाल्कनीत जाड प्लास्टिक अंथरा म्हणजे खालचे काकू-काका ओरडणार नाहीत.

डिझाइन आपण सांगायचं नाही. गड कोणाचा, आत कोण राहतं, हे सगळं त्यांना ठरवू दे, आपण फक्त मधेमधे खोड काढायची. वेढा पडलाय, गडावर पाणी कुठून आणणार? पोरं हमखास म्हणतात खालच्या नदीवरून, मग म्हणायचं अरे पण खाली तर शत्रू बसलाय ना, आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, आपल्याला उत्तर सांगायची भारी घाई. टाकं खणायचं त्यांना सुचलं की मग सांगा, खऱ्या गडांवर पण खडकात टाकी खोदायचे आणि निघालेला दगड तटाला वापरायचे.

दरवाजा पोरं पुढे, मधोमध, छान दिसेल असा लावतात. लावू दे. मग म्हणा, आता तू शत्रू, तुझ्याकडे हत्ती आहे, कुठून घुसशील? स्वतःच्याच गडावर हल्ला करायला एका पायावर तयार असतात, आणि थोड्या वेळात आपणहून दरवाजा लपवायला लागतात. रायगडच्या महादरवाजाचा फोटो तेव्हा दाखवा, दोन बुरुजांच्या मधून वळून आत जावं लागतं, लांबून दार दिसत नाही आणि हत्तीला पळत येऊन धडक मारायला जागाच नाही. फोटो आधी दाखवलात तर नुसती कॉपी होते.

लहान पोरं असतील तर हेच चिऊकाऊच्या गोष्टीत करा. काऊ भिजत दाराबाहेर उभा आणि चिऊ म्हणते थांब माझ्या बाळाला तीट लावते, इथे थांबून विचारा काऊला काय वाटत असेल, मग चिऊच्या बाजूने पण विचारा की ती का उघडत नसेल. माझी भाची म्हणाली, कावळे अंडी खातात ना म्हणून! मी गारच पडले, इतकी वर्षं आपण चिऊला दुष्ट समजत होतो. मग बाळ पण सुरक्षित आणि काऊ पण कोरडा असं काय करता येईल यावर अर्धा तास गेला, झोप राहिली बाजूला.

हां, किल्ल्यावर हिरवळ यायला आळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा, पाणी हाताने शिंपडा, मग्गाने ओतलं तर तट वाहून जातो.