जर्मनीतलं रिकामं घर लावताना

जर्मनीत घर रिकामं मिळतं म्हणजे खरोखरच रिकामं. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' (बसवलेलं किचन) हा शब्द नसेल, तर स्वयंपाकघरात पाण्याची जोडणी, सांडपाण्याचं तोंड आणि भिंतीतून आलेली शेगडीची वायर एवढंच असतं. ओटा नाही, सिंकही नाही. म्हणून घर पक्कं करतानाच जुन्या भाडेकरूला किचन विकायचंय का, हे विचारून घ्या. नवं किचन मागवल्यापासून बसेपर्यंत कित्येक आठवडे सहज जातात, आणि तेवढे दिवस मुलांना ब्रेड-चीजवर ठेवणं सोपं नाही.

भाड्याचे दोन आकडे असतात. 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलं की 'वार्ममीटे'. घरातली वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही नसतं. अनामत जास्तीत जास्त तीन काल्टमीटे एवढी घेता येते, आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. पहिल्याच महिन्यात खिसा रिकामा करायची गरज नाही.

किल्ल्या घेताना 'युबरगाबेप्रोटोकॉल', म्हणजे घर ताब्यात घेतानाची लेखी नोंद, केल्याशिवाय सही करू नका. वीज, गॅस, पाणी आणि प्रत्येक रेडिएटरवरच्या (खोली गरम करणाऱ्या हीटरवरच्या) छोट्या मीटरचा आकडा, किल्ल्यांची संख्या, फरशीवरचे ओरखडे, टवका उडालेली टाइल हे सगळं त्यात लिहिलं गेलं पाहिजे, आणि फोटोही काढलेले हवेत. जे लिहिलं नाही ते घर सोडताना आपल्या खात्यावर येऊ शकतं. त्याच दिवशी घरमालकाकडून 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' मागा. आपण तिथे राहायला आलो असं सांगणारा, घरमालकाच्या सहीचा हा कागद नसेल तर 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंदणी, होत नाही. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. मोठ्या शहरांत नोंदणी कार्यालयात भेटीची वेळ लवकर मिळत नाही, तेव्हा निदान वेळ मागितल्याची ईमेल जपून ठेवा. सगळ्यांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले (जर्मन भाषांतरासह) जवळ हवेत.

नोंदणीआधी पाच मिनिटांचं एक काम आहे: टपालपेटी आणि घंटी, दोन्हींवर आडनाव लावणं. इथे पोस्टमन फ्लॅटचा नंबर बघत नाही, नाव बघतो. टॅक्स आयडी, म्हणजे आपला करक्रमांक, नोंदणीनंतर काही आठवड्यांत पत्रानेच येतो, आणि नाव दिसलं नाही की पत्र परत जातं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असतं, ते इथे पहिल्या नावाचाच भाग धरतात. बँक, विमा, शाळा, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा, नाहीतर पुढे एकाच माणसाची दोन माणसं होतात.

छतातून दिव्यांच्या जागी वायरी लोंबत असतात. नव्या वायरिंगमध्ये निळी न्यूट्रल, तपकिरी किंवा काळी फेज, हिरवी-पिवळी अर्थिंग. पण 1965 च्या आधीच्या इमारतीत लाल वायर दिसली तर थांबा: जुन्या जर्मन पद्धतीत लाल म्हणजे अर्थिंग आणि करडी म्हणजे न्यूट्रल. आपल्या डोक्यात लाल म्हणजे फेज पक्कं बसलेलं असतं, चूक तिथेच होते. अशा घरात इलेक्ट्रिशियनच बोलवा. शेगडीची जोडणी तर कुठल्याही घरात त्याच्याकडूनच करून घ्या, कारण ती बहुधा थ्री-फेज असते.

भारतातला मिक्सर इथे बिनदिक्कत चालतो, कारण वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झच आहे. फक्त तीन पिनांचा प्लग बसत नाही. प्रवासातला स्वस्त अडॅप्टर वापरू नका, त्यांपैकी बऱ्याच अडॅप्टरना अर्थिंग नसतं. अर्थिंगवाला घ्या किंवा प्लगच बदलून घ्या. ॲल्युमिनियमचा कुकर साध्या काचेच्या शेगडीवर चालतो, इंडक्शनवर नाही. बुडाला लोहचुंबक चिकटत नसेल तर तो कुकर सामानात भरू नका. गोल बुडाची कढईही घरीच राहू द्या.

आता खरा घोळ होतो तो बुरशीचा. स्वयंपाक, आंघोळी, वाळत घातलेले कपडे आणि श्वास मिळून चौघांचं कुटुंब दिवसाला कित्येक लिटर पाणी हवेत सोडतं. इथल्या खिडक्या इतक्या घट्ट बसतात की ही वाफ बाहेर जात नाही, बाहेरच्या गार भिंतीवर जमते, आणि कपाटामागे काळे डाग पडतात. कुकरच्या शिट्ट्या आणि उकळती आमटी यात भरच घालतात. बऱ्याच घरांतली चिमणी 'उमलुफ्ट' पद्धतीची असते: तूप-तेल गाळते, वाफ मात्र परत खोलीत सोडते. त्यामुळे उपाय खिडकीच.

दिवसातून तीन-चार वेळा, रेडिएटर बंद करून, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या. कडाक्याच्या थंडीत पाच मिनिटं पुरतात, एरवी दहा. खिडकी तिरकी (फक्त वरून थोडी उघडी) करून दिवसभर ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार: हवा फारशी बदलत नाही, पण चौकटीभोवतीची भिंत गार पडते आणि बुरशी तिथेच धरते. स्वयंपाक करताना किचनचं दार लावून घ्या, फोडणीचा धूर पॅसेजमधल्या धूर-अलार्मपर्यंत जाणार नाही. अलार्म काढून ठेवायचा मात्र नाही. बाहेरच्या भिंतीपासून कपाट पाच ते दहा सेंटिमीटर लांब ठेवा आणि एक आर्द्रतामापक विकत घ्या. काटा 40 ते 60 टक्क्यांच्या मध्ये हवा.

रेडिएटरच्या नॉबवरचे आकडे वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत. 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर फिरवल्याने खोली लवकर गरम होत नाही, फक्त जास्त गरम होते. हीटिंगचा हिशोब वर्षातून एकदा येतो, आणि तो हिशोबाचं वर्ष संपल्यावर बारा महिन्यांपर्यंत कधीही येऊ शकतो. पहिल्या हिवाळ्याचं बिल दुसरा हिवाळा संपता संपता हातात पडलं तर घाबरू नका. किल्ल्या घेताना प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले मीटरचे आकडे काढा आणि आधी तेच ताडून पाहा.